ट्रकच्या टायरला पॉलिश एकसारखं का बसत नाही? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

दसरा जवळ आला की या सदराकडं टायरचे प्रश्न जास्त येतात. खंडेनवमीला गाडी धुऊन पूजेला उभी करायची, झेंडूचा हार घालायचा, आणि मग कारखान्यांचे बॉयलर पेटले की ऊस वाहतूक सुरू, पुढं मार्च-एप्रिलपर्यंत गाडीला उसंत नाही. म्हणून या वेळी सातारा-सांगली भागातनं आलेले टायर पॉलिशचेच प्रश्न एकत्र घेतलेत. विषय वरवरचा वाटेल, पण ट्रकवाल्याचा डिझेलनंतरचा मोठा खर्च टायरचाच असतो, आणि पॉलिशच्या निमित्तानं का होईना माणूस टायरजवळ उकिडवा बसून त्याच्याकडं नीट बघतो, मला ते फार मोलाचं वाटतं.

प्रश्न : माझी दहा चाकी आहे, टायर १०.०० आर २०. चांगल्यातलं टायर पॉलिश आणलं, पोरानं स्पंजनं मन लावून मारलं, तरी पट्टे पट्टे दिसतात. वरच्या बाजूला काळं कुळकुळीत, खालच्या बाजूला राखाडी, अक्षरांच्या भोवती थेंब साचून वाळलेले, आणि दुसऱ्या दिवशी मडगार्डवर काळे शिंतोडे. पॉलिश डुप्लिकेट आहे का?
– एक ट्रकमालक, कराड

दादा, डुप्लिकेट माल बाजारात असतो हे खरं, पण तुमची लक्षणं वाचून मला तसं वाटत नाही. पट्टे, राखाडी भाग, थेंब आणि शिंतोडे, चारही गोष्टींची कारणं वेगळी आहेत आणि चारही तुमच्या हातातली आहेत.

आधी धुण्याचं बघू, कारण बिघाड बहुतेक वेळा तिथंच होतो. टायरवर नुसतं प्रेशरचं पाणी मारलं की चिखल जातो, आणि टायर ओला असेपर्यंत काळा दिसतो म्हणून आपल्याला वाटतं झाला साफ. पण मागच्या वेळच्या पॉलिशचा सिलिकॉनचा थर, रस्त्याचं डांबर, ग्रीस, ब्रेकची धूळ हे सगळं रबराला धरून बसलेलं असतं, ते पाण्यानं हलत नाही. त्यावर नवीन पॉलिश मारलं की जिथं रबर उघडं आहे तिथं ते जिरतं आणि जिथं जुना थर आहे तिथं वरच राहतं, आणि वाळल्यावर तेच पट्टे होऊन दिसतात. तेव्हा टायर क्लीनर नाहीतर गाडी धुवायचा चांगला शाम्पू घ्या आणि कडक नायलॉनचा ब्रश घ्या. तारेचा ब्रश नको, त्यानं रबर ओरखडतं. थोडा थोडा भाग घासायचा, फेस सुरुवातीला चॉकलेटी येईल, धुवायचा, परत घासायचा, फेस पांढरा यायला लागला की बस. जुनं पॉलिश खूप चढलेलं असेल तर दोन-तीन वेळा करावं लागेल, कंटाळा येतो, पण सगळं काम इथंच आहे. खात्री करायची तर धुतलेल्या टायरवर थोडं पाणी शिंपडून बघा, पाणी पसरून बसलं तर रबर साफ, थेंब गोल होऊन घरंगळायला लागले तर सिलिकॉन अजून आहे.

टायर अगदी नवा असेल तरी हेच करायचं. कारखान्यात टायर साच्यातून सुटावा म्हणून जे लावतात त्याचा थर नव्या टायरवर असतो, तो घासून काढल्याशिवाय पहिलं पॉलिश धरत नाही.

आता वाळवणं. ओल्या भिंतीला दिलेला रंग जसा फुगून सुटतो तसंच ओल्या टायरवरच्या पॉलिशचं होतं. आणि ट्रकचा टायर वरून कोरडा दिसला तरी डिस्क, म्हणजे चाकाचा लोखंडी भाग, आणि टायर जिथं भेटतात त्या खाचेत पाणी लपून बसतं, तसंच अक्षरांच्या कोपऱ्यात. तुम्ही पॉलिश मारून उठलात की ते पाणी हळूहळू खाली ओघळतं आणि पॉलिशमधून उभी रेघ काढतं. वरचा हौदा, फाळका, चासी हे पण बराच वेळ ठिबकत असतात, म्हणून टायर धुवायचा पहिल्यांदा पण पॉलिश मारायचं सगळ्यात शेवटी, गाडी निथळून झाल्यावर. कॉम्प्रेसर असेल तर खाचेत आणि अक्षरांवर हवा मारून घ्या, नाहीतर कोरडं सुती फडकं बोटाला गुंडाळून ती खाच पुसून काढा.

टायर गार पाहिजे. खंबाटकी उतरून आलेली गाडी लगेच धुवायला घेऊ नका, तापलेल्या ब्रेक ड्रमवर गार पाणी पडणं ड्रमला सुद्धा चांगलं नाही. दुपारच्या उन्हातल्या काळ्या रबरावर हात ठेववत नाही इतकं ते तापतं, त्यावर पॉलिश पसरायच्या आधीच वाळतं आणि स्पंज जिथनं उचलला तिथं कड उमटते. सकाळी लवकर किंवा झाडाखाली करा.

राखाडी भागाचं कारण ट्रकवाल्यांना बऱ्याचदा लक्षात येत नाही, कारच्या व्हिडिओत पण ते सहसा नसतं. ट्रकचा टायर जमिनीवर टेकतो तिथं बाजूची भिंत फुगून खाली दबलेली असते, तिथं स्पंज नीट पोचत नाही, आणि वरचा भाग मडगार्डखाली अंधारात असतो. म्हणजे एका जागेवर उभ्या गाडीचा पूर्ण टायर एका दमात होतच नाही. समोरचा दिसतो तेवढा भाग करा, मग गाडी अर्धा फेरा पुढं घ्या आणि उरलेला करा. तुमच्या मापाचा टायर साधारण एक मीटरपेक्षा थोडा जास्त उंच, म्हणजे अर्धा फेरा सव्वापाच-साडेपाच फूट होतो. जमिनीवर खडूनं खूण केली तर ड्रायव्हरला बरोबर कळतं. गाडी हलवताना पोरगं चाकाजवळनं पूर्ण बाजूला, ड्रायव्हरला दिसेल असं उभं राहिलं पाहिजे, आणि गाडी थांबली की हँडब्रेक ओढून चाकाला ओंडका लावल्याशिवाय कुणी खाली बसायचं नाही. यात ढिलाई करू नका.

मारायची पद्धत सांगतो. पॉलिश थेट टायरवर ओतायचं नाही, स्पंजवर घ्यायचं, स्पंज ओला झाला पाहिजे पण दाबल्यावर गळायला नको. टायरचे मनात चार भाग करा, एकेक पाव घ्या, डिस्कच्या कडेपासून सुरू करून कमानीसारखे लांब हात मारत बाहेरच्या बाजूला जा, आणि एका पावाची कड ओली असतानाच दुसरा पाव तिच्यावर थोडा चढवून सुरू करा म्हणजे जोड दिसत नाही. जिथं टायर रस्त्याला लागतो त्या नक्षीच्या दोन बोटं अलीकडंच थांबायचं. अक्षरं, आकडे, आणि नव्या टायरवर केसासारखे रबरी काटे असतात त्या जागी स्पंज वरून निघून जातो आणि पॉलिश मुळाशी साचतं, तुमचे थेंब तिथलेच. त्यासाठी रंगाचा दीड-दोन इंची ब्रश घ्या, त्याचे केस थोडे कापून आखूड आणि ताठ करा, आणि अक्षरांत पॉलिश फिरवून घ्या, साचलेलं उचलून घ्या.

एकदम जाड हात मारण्यापेक्षा दोन पातळ हात. पहिला हात पंधरा-वीस मिनिटं जिरू द्या, मग दुसरा, मग परत तेवढाच वेळ, आणि शेवटी कोरड्या मायक्रोफायबर नाहीतर जुन्या सुती बनियननं सगळा टायर हलक्या हातानं पुसून काढा. लोकांना वाटतं पुसलं की चमक गेली, तसं नाही, जे जिरलेलं नाही तेवढंच निघतं. तुमच्या मडगार्डवरचे शिंतोडे म्हणजे हेच न जिरलेलं पॉलिश आहे, चाक फिरलं की ते बाहेर फेकलं जातं. पुसल्यावर शक्य असेल तर गाडी तासभर उभी ठेवा, मग रस्त्यावर काढा.

प्रश्न : पाण्यासारखं दुधाळ पॉलिश घ्यावं का ते तेलासारखं चकचकीत? दुकानदार दोन्ही चांगली म्हणतो.
– एक ड्रायव्हर, शिरवळ

दुधाळ आहे ते पाण्यातलं, त्यात सिलिकॉन पाण्यात मिसळलेलं असतं. चमक मध्यम येते, नव्या टायरसारखी, धूळ कमी धरतं, हाताला त्रास नाही. तेलासारखं आहे त्यात सिलिकॉन पेट्रोलियमच्या सॉल्व्हंटमध्ये असतं, चमक जबरदस्त, पावसात जास्त टिकतं, पण धूळ ओढतं, शिंतोडे जास्त उडवतं, आणि सारखं सारखं वापरलं तर सॉल्व्हंट रबराला कोरडं करतं. पेट घेणारं असतं, त्यामुळं मारताना बिडी-सिगारेट लांब. रोज धुळीत चालणाऱ्या ट्रकला माझा सल्ला सरळ पाण्यातलंच. काही ठिकाणी ग्लिसरीन पाण्यात मिसळून मारतात, त्यानं रबराचं नुकसान नाही पण ते ओलावा ओढतं, धूळ बसते, आणि पहिल्या पावसात सगळं धुऊन जातं. मिरवणुकीपुरतं ठीक.

प्रश्न : आमच्याकडं सगळे जळकं इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून टायरला मारतात. फुकटात होतं आणि टायर काळाभोर दिसतो. रबर तेलानं मऊ राहतं, तडे जात नाहीत असं जुने ड्रायव्हर सांगतात. तुम्ही का नको म्हणता?
– एक वाचक, जत

भाऊ, जुन्या ड्रायव्हरांबद्दल मला पूर्ण आदर आहे, ज्या काळात पॉलिश मिळत नव्हतं तेव्हा हातात होतं ते त्यांनी वापरलं. पण ही गोष्ट बंद करा, आणि शेजाऱ्याला पण सांगा.

ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबराचं प्रमाण कारच्या टायरपेक्षा जास्त असतं, कारण त्याला वजन झेलायचं असतं आणि कमी तापायचं असतं. आणि नैसर्गिक रबराचा सगळ्यात मोठा दुबळेपणा म्हणजे खनिज तेल. डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल रबरात शिरतं, रबर फुगतं, मऊ पडतं, त्याची ताकद जाते. हात लावल्यावर जो मऊपणा जाणवतो आणि ज्याला आपण रबर जिवंत राहिलं म्हणतो, ती रबर कुजायची सुरुवात असते. बाजूची भिंत हा टायरचा सगळ्यात पातळ भाग, तिथं नक्षीसारखं जाड रबर नाही, आणि प्रत्येक फेऱ्याला तीच वाकते. वर जत-कवठेमहांकाळकडची बारीक धूळ त्या तेलावर बसते आणि टायर दोन दिवसांत आधीपेक्षा घाण दिसतो. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातली धातूची कणी आणि काजळी असते, ते रोज उघड्या हाताला लागणं कातडीला वाईट, आणि धुतल्यावर ते ओढ्याला जातं, ओढ्याचं पाणी विहिरीला.

आधी मारलेलं असेल तर घाबरू नका, भांडी घासायच्या लिक्विडनं कडक ब्रश मारून धुवा, चार-आठ दिवसांनी परत धुवा, जेवढं वर आहे ते निघून जाईल. बोटानं दाबल्यावर रबर चिकट लागत असेल किंवा जागा फुगल्यासारखी वाटत असेल तर तो टायर चांगल्या टायरवाल्याला दाखवा, पुढच्या एक्सलला ठेवू नका. तोपर्यंत पॉलिश मारायला पैसे नसतील तर काहीच मारू नका. नुसता साबणानं धुतलेला टायर तेलकट टायरपेक्षा कितीतरी चांगला.

प्रश्न : नवीन टायर टाकून वर्ष पण झालं नाही आणि बाजूनं तांबूस-चॉकलेटी रंग आलाय. पॉलिश मारलं की आठवडाभरानं परत तोच रंग. टायर जुना माल दिलाय का?
– एक वाचक, सातारा

नाही, हा रंग टायरच्या आतूनच येतो. हवेत ओझोन असतो, तो ताणलेल्या रबराला तडे पाडतो. त्यापासून वाचवायला टायर बनवतानाच रबरात एक रसायन घालतात, बऱ्याच टायरमध्ये ते सिक्स पीपीडी नावाचं असतं. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं, ओझोनला स्वतः भिडतं आणि चॉकलेटी होतं. म्हणजे तो रंग दिसतोय याचा अर्थ टायरचं औषध काम करतंय. चांगला घासून धुतला की निघतो, आणि काही दिवसांनी परत येणार. महिन्यातून एकदा नीट धुऊन पॉलिश मारा, रोज रोज तो रंग घासत बसायची गरज नाही. नुसतं पॉलिश त्या रंगावर चढवलंत तर मात्र तांबूस पट्टे दिसणार.

कोकणातनं कुंभार्ली चढून येणाऱ्या गाड्यांना पावसाळ्यात लाल मातीचा पण रंग बसतो, तो वेगळा, तो पहिल्याच फेसात जातो.

प्रश्न : माझं हायवेला वॉशिंग सेंटर आहे. ट्रक बारा चाकी, चौदा चाकी येतात. तुम्ही सांगता तसं एकेका टायरला वेळ दिला तर दिवसात दोन गाड्या होतील. पंपानं फवारलं तर लवकर होतं, पण गिऱ्हाईक म्हणतं एकसारखं नाही.
– वॉशिंग सेंटर चालवणारा वाचक, कामेरी

तुमची अडचण खरी आहे. पण फवारणीनं वेळ वाचतो तो परत पुसण्यात जातो. फवारा टायरवर बसतो तसाच डिस्कवर, नटांवर, आणि डिस्कच्या भोकातून आत ब्रेक ड्रमकडं पण जातो, आणि ब्रेकच्या लायनिंगला तेलकट काही लागणं अजिबात चालणार नाही. चढायच्या पायरीवर उडालं तर ड्रायव्हरचा पाय घसरतो. फवारायचंच असेल तर स्पंजवर फवारा, टायरवर नको.

वेळ वाचवायचा तो कामाच्या क्रमात वाचवा. गाडी आली की सगळ्यात आधी सगळ्या टायरना क्लीनर मारून ठेवायचं, तेवढ्यात एकजण चासी आणि हौद्याला पाणी मारतो. मग टायर घासून धुवायचे, मग बॉडीचा शाम्पू, मग बॉडी निथळेपर्यंत कॉम्प्रेसरच्या हवेनं टायरच्या खाचा कोरड्या करायच्या. क्लीनर टायरवर वाळू द्यायचं नाही एवढं बघा, उन्हाळ्यात दोन-दोन चाकंच घ्या. आणि दिसणाऱ्या भिंती मोजा, चाकं मोजू नका. दहा चाकीला बाहेरून दिसणारे टायर सहाच, बारा चाकीला पुढं दोन एक्सल असतील तर आठ. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरला पॉलिश लावायची काही गरज नाही, तो दिसत नाही आणि तिथं हात घालणं पण बरं नाही. त्याऐवजी जोडीच्या मधल्या फटीत प्रेशर मारून चिखल काढा आणि अडकलेला दगड दिसला तर काठीनं काढा, नाहीतर ड्रायव्हरला सांगा. जोडीत अडकलेला दगड दोन्ही टायरच्या भिंती कापतो, आणि सुटला तर मागच्या मोटरसायकलवाल्याला लागतो. हे काम तुम्ही केलंत तर गिऱ्हाईक चमकेपेक्षा त्याच्यासाठी परत येईल.

स्पंज पसरट ट्रेमध्ये बुडवून वापरा, ट्रेमध्ये पॉलिश बोटाच्या पेरापेक्षा कमी ठेवा. कामगार बाटलीतनं हातावर ओततो तेव्हा एका टायरला जास्त आणि दुसऱ्याला कमी जातं, ट्रेमुळं सगळ्या टायरना सारखं बसतं. पाण्यातलं पॉलिश पातळ करायचं असेल तर कॅनवर लिहिलेल्या प्रमाणातच करा. स्पंज डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकच, पण धुळीत पडला तर धुऊन पूर्ण वाळवूनच परत, कारण वाळूचा एक कण अडकला तरी टायरवर गोल गोल रेघा येतात. फरशीवर सांडलेलं लगेच धुवा, सिलिकॉन फरशीवर फार घसरतं.

प्रश्न : आमचा ट्रान्सपोर्टचा छोटा धंदा आहे, मिस्टर आजारी असल्यामुळं आता मीच बघते. सेकंडहँड ट्रक घ्यायचाय, सांगलीत एक बघितला, टायर अगदी चकचकीत आहेत. मालक म्हणतो टायर नव्यासारखे आहेत. कसं ओळखायचं?
– एक भगिनी, विटा

ताई, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. चकचकीत टायर बघून भाव ठरवू नका. पॉलिश बारीक तडे भरून काढतं, डोळ्याला दिसतच नाहीत. मालकाला नम्रपणे सांगा की मला सगळे टायर साबणानं धुवून वाळवून बघायचेत. प्रामाणिक माणूस नाही म्हणणार नाही. धुतल्यावर सूर्याकडं पाठ करून भिंतीकडं तिरपं बघा. केसासारखे वरवरचे तडे असतील तर वय झालंय, तडा नखाला लागत असेल किंवा आतले धागे दिसत असतील तर तो टायर बदलायच्याच हिशोबात धरा. फुगवटा, म्हणजे भिंतीवर गाठ उठलेली, असेल तर ती गाडी त्या टायरवर घरापर्यंत सुद्धा आणू नका. प्रत्येक तड्याला आणि कापाला पांढऱ्या खडूनं खूण करत जा आणि फोटो काढा, भाव करताना उपयोगी पडतात.

भिंतीवर एका लांबट गोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तो गोल एकाच बाजूला असू शकतो, दिसला नाही तर आतल्या बाजूला बघायला सांगा. नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला, कायद्यानं १.६ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा आहे, पण ट्रकचा टायर तिथपर्यंत पोचू देऊ नये असं मला वाटतं. नक्षी भरपूर आणि भिंत मात्र जुनाट तडकलेली असेल तर बहुतेक तो रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला आहे. रिमोल्ड वाईट नसतो, मागच्या एक्सलला चांगला चालतो, पण त्याचा भाव नव्या टायरचा नको. सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ ला महापूर आला होता, तेव्हा २०२१ च्या आधीची गाडी असेल तर ती पाण्यात उभी होती का हे पण विचारा, टायरपेक्षा एक्सल आणि वायरिंगसाठी. आणि बरोबर एखादा विश्वासातला टायरवाला घेऊन जा.

प्रश्न : हंगाम संपला की ऊसाचा ट्रक पाऊस संपेपर्यंत उभाच असतो. उभं करताना पॉलिश मारून ठेवलं तर टायर टिकतील का?
– एक शेतकरी, वाळवा तालुका

थोडा फायदा आहे, पण पॉलिशच्या भरवशावर ठेवू नका. रबरातलं ओझोनपासून वाचवणारं रसायन आणि मेण गाडी चालल्यावर, भिंत वाकल्यावर वर येतं. उभ्या गाडीत ते कमी येतं, म्हणून चालत्या ट्रकपेक्षा उभ्या ट्रकच्या टायरला तडे लवकर पडतात. उभं करायच्या आधी उसाची चिपाडं, रस, चिखल सगळं धुवा, वाळवा, पाण्यातलं पॉलिश एक पातळ हात मारा, तेलातलं नको. मग हवा पूर्ण ठेवा, हौदा रिकामा ठेवा, चाकांवर पोती नाहीतर ताडपत्री टाकून ऊन अडवा, आणि पंधरा दिवसांनी गाडी अर्धा फेरा पुढं-मागं करा म्हणजे वजन एकाच जागी राहत नाही. वेल्डिंगचं काम किंवा विजेची मोटर जवळ चालत असेल तिथं उभी करू नका, ठिणगीतून ओझोन तयार होतो. दसऱ्याला बाहेर काढाल तेव्हा परत पॉलिश मारायच्या आधी धुतलेल्या टायरचे तडे एकदा बघा, मगच उसाचं वजन टाका.

प्रश्न : नक्षीवर पण पॉलिश मारलं तर गाडी जास्त भारी दिसते, चालेल का? आणि पुढच्या महिन्यात गाडी रंगवायची आहे, टायर आधी करू का नंतर?
– एक तरुण वाचक, फलटण

नक्षीवर अजिबात नको भावा, रस्त्याला लागणारा भाग आहे तो. सिलिकॉन लागलेल्या नक्षीवर ब्रेक मारला की चाक सरकतं, भरल्या ट्रकमागं मोटरसायकलवर कुटुंब असतं याची आठवण ठेव. बटण टायरची, म्हणजे ठोकळ्यांच्या नक्षीच्या टायरची, बटणं भिंतीवर खाली आलेली असतात, त्यांच्या बाजूंना पण सोडून दे.

टायर रंगानंतर. सिलिकॉनचा एक शिंतोडा पत्र्यावर राहिला तर नवीन रंग तिथं फाटतो आणि बारीक बारीक खड्डे पडतात, पेंटरला परत घासावं लागतं. रंगवायला द्यायच्या आधीचा महिनाभर टायरला काहीच मारू नकोस, आणि पेंटरला आधीच सांग की या गाडीला टायर पॉलिश वापरलेलं आहे, म्हणजे तो मडगार्ड आणि हौद्याची खालची कड थिनरनं पुसून घेईल.